हे खाऊ नकोस गं बाई

मावळात नव्या सुनेने सकाळचा चहा नको म्हटला की दुपारपर्यंत गावाला कळतं आणि दिवेलागणीला सल्ले यायला लागतात. डॉक्टरचा नंबर बराच मागे. आधी चुलतसासू येते, मग शेजारची काकू, मग पिठाच्या गिरणीत भेटलेली एक बाई. तिचा आपला काही संबंध नसतो, पण तिच्या नणंदेच्या सुनेचं म्हणे 'असंच झालं होतं'. काय झालं होतं ते ती सांगत नाही. नुसते डोळे मोठे करते, "जप हं बाई" म्हणते आणि दळण काखेला मारून निघून जाते. इकडे पोरगी रात्रभर जागी, की त्या नणंदेच्या सुनेचं झालं तरी काय?

माझी भाची कामशेतजवळच्या एका गावात दिली आहे. मी तळेगावची, म्हणजे लोकलने लगेच पोचणारी, त्यामुळे तिला दिवस गेले तसं मलाही सल्लागार मंडळावर आपोआप घेतलं गेलं. या मंडळाच्या बैठका ओटीवर होतात. अध्यक्षपदी आजेसासूबाई. जिच्याबद्दल बैठक चाललेली असते, ती आत चहा टाकत असते.

पहिला ठराव पपईचा. परसात पपईचं झाड, फळांनी लगडलेलं. भाचीचा तिसरा महिना लागायच्या आत त्या झाडाकडे घरातली माणसं पोलिसाच्या नजरेने बघायला लागली. पिकलेलं फळ निघालं की पदराखाली झाकून शेजारी पोचतं व्हायचं, सुनेची नजरसुद्धा पडू नये म्हणून. आता या भीतीत तथ्य अजिबात नाही असं नाही. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, आणि त्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून कच्ची आणि अर्धीकच्ची टाळावी हे बरोबरच. पिकलेल्या पपईची गोष्ट मात्र वेगळी. 2002 साली सिंगापूरच्या संशोधकांनी गाभण उंदरिणींना पिकलेली पपई खाऊ घातली आणि त्यांना किंवा पोटातल्या पिल्लांना काही अपाय झाला नाही. हे मी मोठ्या उत्साहाने ओटीवर सांगितलं. आजेसासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उंदराला काय गं, त्यो साबन बी खातो."

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

गंमत म्हणजे बाळंतपण झालं रे झालं की याच झाडाखाली काठी घेऊन माणूस उभा राहतो, कारण कच्च्या पपईची भाजी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं म्हणतात. आळिवाचंही तसंच. नऊ महिने त्याचं नाव काढायचं नाही आणि दहाव्या दिवशी वाटीभर खीर समोर.

पपईनंतर उष्ण पदार्थांची यादी होते: तीळ, गूळ, बाजरी, अंडं, अननस, खेकडा. दुसऱ्या दिवशी दुसरी चुलती येऊन थंड पदार्थांची करते: दही, ताक, केळं, काकडी, पेरू. यांनी पोटातल्या बाळाला सर्दी होते. तिसरी वातूळ पदार्थ काढते आणि हरभरा, वाटाणा, वालपापडी, बटाटा गळतात. उष्ण वजा, थंड वजा, वातूळ वजा, आणि वांगं कोणत्याच कारणाशिवाय वजा. शिल्लक काय राहिलं म्हणाल, तर इंद्रायणी तांदळाचा मऊ भात. तो चांगलाच असतो, त्याच्या वासावरच मावळातली माणसं पोसली आहेत, पण नऊ महिने नुसत्या वासावर पोर वाढत नाही.

आणि हे सगळं काढून घेतल्यावर हेच मंडळ म्हणणार, "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा." कशाचं दुप्पट? भाताचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब बघितला तर गरोदर बाईला दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे एक-दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट वरण. दुसरा जीव आपल्या जेवणाच्या बाबतीत फारच संकोची असतो. त्याला हवी असतात ती प्रथिनं, लोह, कॅल्शियम, आणि नेमकी तीच बिचारी उष्ण, थंड आणि वातूळ या तीन खात्यांत अडकून पडलेली.

दुपटीचा भार मग गोडावर येतो. मुंबईहून पुण्याकडे जाणारा एकही नातलग लोणावळ्याला चिक्की घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि कामशेतला भाचीला भेटायला येताना तीच चिक्की हातात ठेवतो. लोणावळ्यापासून दोन-तीन स्टेशनांवरच्या माणसाला लोणावळ्याची चिक्की! शेंगदाण्याची, तिळाची, काजूची, गुलाबाच्या पाकळ्यांची. एका वेळी घरात अशी सात-आठ पुडकी जमली. तिळाचं पुडकं आजेसासूबाईंनी उष्ण म्हणून जप्त केलं आणि स्वतःच्या उशाशी ठेवलं. दाण्याची चिक्की वाईट नाही, दाण्यात प्रथिनं भरपूर असतात. पण गुळासाखरेचा पाकही काही थोडा नसतो, आणि त्याचा जाब पुढे दवाखान्यात द्यावा लागतो. तिथे 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून एका दमात प्यायला लावतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर 140 किंवा त्याच्या पुढे गेली की गरोदरपणातला मधुमेह. ते पाणी इतकं गोड असतं की चिक्की आणणाऱ्या प्रत्येक नातलगाला ते एकेक ग्लास पाजावं, असं दोन तास बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात येत होतं.

आता थोडं गंभीर बोलते, कारण याच पुणे जिल्ह्यात या विषयावर जगाने दखल घ्यावी असं काम झालेलं आहे आणि ओटीवर त्याचा पत्ता नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या काय खातात, किती खातात, दिवसभरात काय काम करतात, सगळं टिपलं. पुढे जन्मलेल्या बाळांची वजनं केली. सरासरी वजन भरलं 2.7 किलोच्या आसपास. इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली पोरं दिसायला काडी, पण अंगात चरबी मात्र तुलनेने तेवढीच. बारीक असूनही लठ्ठ असं हे अजब प्रकरण, आणि मोठेपणीच्या मधुमेहाची मुळं तिथवर जातात असं याज्ञिकांचं सांगणं.

पण मला भावला तो या अभ्यासातला दुसरा भाग. बाई एकूण किती कॅलरी खाते याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं मोठी निघाली. आणि ज्या शेतात राबत होत्या, पाणी वाहत होत्या, कष्टाची कामं जास्त करत होत्या, त्यांची लहान.

हे वाचलं आणि मी भाचीच्या घरात नव्याने बघायला लागले. पालेभाजी? पावसाळ्यात मावळात टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, काय नाही उगवत! बांधावरून खुडून आणायची, कामशेतच्या बाजारात वाटे लावायचे आणि विकून यायचं. पुण्याहून आलेल्या बाया त्या 'ऑरगॅनिक' म्हणून घासाघीस न करता घेऊन जातात. फळं? परसातलं एकुलतं एक फळ फरार. दूध? गोठ्यात दोन म्हशी, दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत. दुधाचं माप घालायला घरचा पुरुष जातो, फॅट किती लागलं ते तोंडपाठ. सुनेचं हिमोग्लोबिन किती, हे विचारलं तर म्हणतो, "कार्डावर असंल."

कार्डावर असतंच. मी बघितलं. ते चांगलं नव्हतं.

मग गोळ्यांची भानगड. सरकारी दवाखान्यातून लोह आणि फॉलिक आम्लाची लाल गोळी मिळते, रोज एक, कमीत कमी 180 दिवस. गावची आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, ती घरी आणून देते आणि पाकिटं मोजूनही जाते. भाची इमानाने रोज घ्यायची. कशाबरोबर? चहाबरोबर. आता चहा आणि लोह यांचं हाडवैर आहे. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, तसंच बाहेर पडतं. लिंबू पिळलेल्या पाण्याने किंवा आवळ्याने ते लागतं. कॅल्शियमची गोळीही लोहासोबत घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. हे सगळं आशाताई घसा कोरडा होईपर्यंत सांगते आणि घसा कोरडा झाला म्हणून तिला चहा दिला जातो, सोबत भाचीलाही अर्धा कप, पाहुणीला एकटीने कसं प्यायला लावायचं म्हणून.

कित्येक घरांत गोळ्या घेतच नाहीत. त्यांनी बाळ काळं होतं, किंवा फार मोठं होतं आणि अडतं, अशी समजूत. मग पाकिटं तांदळाच्या डब्यात तळाशी जातात. त्याच घरात केशराची डबी मात्र वरच्या फळीवर हाताशी, बाळ गोरं व्हावं म्हणून. बापाचा रंग बघितला तर केशराचं आख्खं शेत लागेल, पण बोलायची सोय नाही.

ग्रहणाचं मी वेगळंच सांगते. 2020 च्या जूनमध्ये, 21 तारखेला, सूर्यग्रहण होतं. रविवार होता आणि कोरोनामुळे तसाही बराचसा देश घरात बसलेला. लोणावळ्यात माझी एक मैत्रीण राहते, तिच्या सुनेला त्या वेळी सातवा. तिला पहाटेपासून पाटावर बसवली. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हातपाय दुमडायचे नाहीत, आणि सूर्याकडे तर मुळीच बघायचं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लोणावळ्यात सूर्य! गावात कुणाला दिसला असता तर त्याने फोटो काढून पेपरात दिला असता. ढगात ग्रहण लागलं कधी, सुटलं कधी, कुणालाच कळलं नाही. ते टीव्हीवर बघून ठरवलं गेलं आणि पोरीला दुपारी उठायची परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्याच दिवशी तिकडे सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरला, एका गरोदर बाईने अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या साथीने ग्रहण बघत बघत भाजी चिरली. अशा बायांना बक्षीस म्हणून तरी वेळेवर जेवण मिळो.

बाळाचा ओठ फाटतो ही त्यामागची भीती. ओठाची जुळणी दुसऱ्या महिन्यातच उरकलेली असते. सातव्या महिन्यात विळी हातात घेतली काय किंवा तलवार. पाठीच्या कण्याचं तर त्याहून आधी, गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत. त्या वेळी बाईला स्वतःलाही नीट ठाऊक नसतं. म्हणून फॉलिक आम्ल दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. पण लग्न झाल्यावर सत्यनारायण घालतात, ओटी भरतात, एकवीरेला कार्ल्याच्या पायऱ्या चढवून आणतात. फॉलिकची गोळी कोणत्याच विधीत बसवलेली नाही. कुणीतरी ती रुखवतात मांडायला सुरुवात केली पाहिजे.

जपण्याच्या बाबतीत आमच्या भागाचं भाग्य थोर. पावसाळा लागला की पुण्या-मुंबईहून जोडपी गाड्या भरून येतात, आणि अलीकडे त्यांत पोटुशी पोरीही असतात. आल्या तर आनंद आहे. हवा चांगली, बाईने फिरावं. गाडीत पट्टा लावावा, खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून, एवढं बघावं. पण पवना धरणाच्या काठी मी जे बघितलं ते वेगळं होतं. लांबलचक जांभळा झगा, मागे चार हात लोळणारा, आणि ती पोरगी आठव्या महिन्यात शेवाळलेल्या दगडावर उभी. फोटोवाला सांगतोय, "मॅडम, पोटावर हात, नजर क्षितिजावर." नवरा झग्याचं टोक धरून उडवतोय, वाऱ्याचा भास व्हावा म्हणून. नजर दगडावर ठेव म्हणणारं कुणी नाही.

त्याच वेळी वरच्या वस्तीवरची एक बाई डोक्यावर हंडा घेऊन त्याच उतारावरून चढत होती. तिलाही सहावा-सातवा असावा. फोटोवाल्याने तिला "ताई, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय" म्हटलं. ती झाली बाजूला, चिखलात. एवढा धो धो पाऊस पडतो त्या टापूत बाईला हंडा घेऊन चढावं लागतं, यावर एक स्वतंत्र विनोदी लेख होईल, पण तो मला जमायचा नाही. भातलावणीच्या दिवसांत तर कमरेत वाकून दिवसभर चिखलात. "पपई नको हं खाऊ" असं तिला बांधावरून ओरडून सांगणारे असतात. "वर ये, आता मी लावतो" म्हणणारा अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

इथे मला सगळ्या पथ्यांचं कूळ सापडलं. जे पथ्य एकट्या बाईने पाळून भागतं, ते कडक. ज्याला घरातल्या दुसऱ्या कुणाला उठावं लागतं, पैसा सोडावा लागतो किंवा सवय मोडावी लागते, ते यादीत येतच नाही. पपई बंद करायला कुणाचं काय जातं? दूध घरात ठेवलं तर डेअरीचं बिल कमी होतं.

मिश्रीचंच घ्या. आजेसासूबाई सगळे ठराव मांडतात ते मिश्री लावता लावता. डबीतून चिमूट काढायची, बोट हिरडीवरून फिरवायचं आणि म्हणायचं, "अननस लई वंगाळ." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती पोटातल्या बाळाला बाधते, वजन घटवते. आणि सकाळी परसाकडला नीट होतं म्हणून ती गरोदर सुनेलाही प्रेमाने दिली जाते. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, ही पण बंद करायला हवी तिची." त्या म्हणाल्या, "ती कुठं खाती? लावती." शब्दाला शब्द लावायला या बाईंना वकिलीला घालायला हवं होतं.

सुभद्रेची गोष्टही यांनीच काढली. पोथी ऐकताना पोटुशीने झोपू नये, सुभद्रेला डुलकी लागली आणि अभिमन्यू चक्रव्यूहात अडकला. बिचारी सुभद्रा! त्या रात्री ती किती दमली होती, दिवसभरात तिच्या पाठीला जमीन लागली होती का, हे व्यासांपासून कुणी विचारलं नाही. तिच्या डुलकीचा हिशेब मात्र अजून चालू.

सातव्यात भाचीचं डोहाळजेवण थाटात झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, थर्माकोलची चंद्रकोर, झोपाळा आणि एक पुठ्ठ्याची नाव. बाहेर पाऊस असा की खरीच नाव लागली असती. झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे, पण हलवायाला त्यातून वगळलेलं दिसतं. बर्फी निघाली. लगेच सासूबाई म्हणाल्या, "वाट्या बदलल्या असतील, पुन्हा काढ." पाच तऱ्हेचे भात, सात तऱ्हेची पक्वान्नं, आणि उत्सवमूर्तीला तीन तास पाटावर बसवून प्रत्येकीने एकेक घास भरवला. नऊवारीच्या कासोट्यात तिला घास गिळवत नव्हता. नंतर स्वयंपाकघरात ती उभ्या उभ्या ताक-भात खाताना सापडली. ताक, थंड! मी दाराशी पहारा दिला.

पुढच्या नऊ तारखेला तपासणी होती. दर महिन्याच्या नवव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. भाची, सासूबाई, जावई आणि मी, अशी वरात गेली. वजन वाढलं नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला करड्या.

"खाते का नीट?"

सासूबाई म्हणाल्या, "खाती की. दोन जिवांचं खाती."

"मी यांना विचारतेय. जेवता कधी?"

भाची पदराशी चाळा करत म्हणाली, "सगळ्यांचं झालं की."

"म्हणजे किती वाजता?"

यावर आम्ही बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ठाऊक कुणालाच नव्हतं, कारण त्या वेळेपर्यंत बाकीचे झोपलेले असतात. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांत 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत बसवून गरम जेवण देतात. तिथंच बसून खायचं, घरी न्यायचं नाही. योजना आखणाऱ्याने आपली घरं आतून बघितलेली होती, हे नक्की. घरी नेलेला घास वाटेत कुठे कुठे वळतो ते अंगणवाडीतून घरी जाणाऱ्या आहाराच्या पाकिटांना विचारावं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या, खाली आणखी एक ओळ लिहिली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि चिठ्ठी भाचीला न देता थेट जावयाच्या हातात दिली. जावई गुणी मुलगा. वडगावला मेडिकलसमोर गाडी थांबवली आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने लोहाच्या गोळ्या काढल्या, कॅल्शियम काढलं आणि शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने चष्मा वर केला.

"जेवण, दोन वेळा, घरात सगळ्यांच्या आधी," त्याने वाचलं. "हे आपल्याकडं नसतं."

जावई म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचं असंल तरी चालंल."